जिद्द वगैरे

खूप दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं, पण दर वीकेंडला काही ना काही निघतं. कधी रिलीज, कधी कुणाचं लग्न, कधी नुसताच आळस. या शनिवारी बाहेर पाऊस लागलाय, चहा झालाय, तेव्हा लिहूनच टाकतो. जरा लांबेल. सहन करा.

मला गाड्यांचं वेड आहे हे इथं नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच. त्यातही मोटोक्रॉस. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मातीचा ट्रॅक, त्यावर मुद्दाम रचलेली टेकाडं, वळणावर चिखल, आणि त्यावरून एकमेकांना खेटून गाड्या उडवत जाणारी पोरं. उडवत म्हणजे अक्षरशः उडवत. आपल्याकडे पुण्या-नाशकाला हा प्रकार बरीच वर्षं चालू आहे. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली तेव्हा मी गेलो होतो. दोन दिवस कानात तोच आवाज आणि नाकात तीच धूळ.

या खेळात हाड मोडणं म्हणजे सर्दी-पडशासारखं. प्लास्टर निघालं की माणूस परत ट्रॅकवर. खरी भीती दोनच गोष्टींची, डोकं आणि मणका. बंगळुरूच्या सी. एस. संतोषनं २०१५ साली डकार रॅली पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय. तोही मूळचा मोटोक्रॉसवालाच. २०२१ च्या डकारमध्ये सौदीच्या वाळवंटात तो असा पडला की डॉक्टरांना त्याला औषधं देऊन कोमात ठेवावं लागलं. त्या आठवड्यात मी दर तासाला बातम्या रिफ्रेश करत होतो, कोडकडे लक्ष शून्य.

आणि मणक्याची गोष्ट निघाली की मोटोक्रॉसवाले हमखास एक नाव घेतात, डेव्हिड बेली. अमेरिकेतला, ऐंशीच्या दशकातला. १९८३ चा सुपरक्रॉस चॅम्पियन. १९८६ साली इटलीत मॅजोराला जी 'मोटोक्रॉस ऑफ नेशन्स' झाली, त्यात बाकी जगाची धुलाई करणाऱ्या तिघा अमेरिकनांपैकी एक. १९८७ च्या जानेवारीत, मोठा सीझन सुरू व्हायच्या आधी, कॅलिफोर्नियातल्या एका किरकोळ शर्यतीच्या सरावात तो पडला. छातीखालचं शरीर गेलं. वय वर्षं २५. पुढे त्यानं टीव्हीवर शर्यतींचं समालोचन केलं, मग हातानं फिरवायच्या सायकलीकडे वळला, आणि २००० साली हवाईच्या आयर्नमॅनमध्ये अपंगांच्या गटात पहिला आला. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणं, तेही फक्त हातांच्या जोरावर. मग १८० किलोमीटर हात-सायकल. मग चाकाच्या खुर्चीवर पूर्ण मॅरेथॉन. आपण सिंहगडाची पायवाट चढून आलो तरी सोमवारी लिफ्टनं जातो.

इथं गोष्ट थांबवली की झकास फॉरवर्ड तयार होतो. मागे उगवता सूर्य, पुढे खुर्चीवरच्या माणसाची आकृती, खाली 'जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही'. आमच्या ऑफिसात असले मेल एचआरकडून शुक्रवारी दुपारी येतात, बहुतेक अप्रेझलच्या आधी.

माझं भांडण या फॉरवर्डशी आहे. बेलीकडे जिद्द नव्हती असं मी कशाला म्हणेन? पण १९८७ ते २००० ही तेरा वर्षं होतात, आणि फॉरवर्डमध्ये ती दीड ओळीत संपतात. त्या तेरा वर्षांत आधी जगावं लागतं. मग हात-सायकल बनवणारा कुणी तरी लागतो. ती परवडावी लागते. आयर्नमॅनवाल्यांनी 'अशा' लोकांसाठी वेगळा गट उघडावा लागतो, नाही तर सायकल घेऊन जाणार कुठं? आणि हरवणारा कुणी तरी लागतो. बेलीच्या नशिबानं तो मिळाला. कार्लोस मोलेडा, अमेरिकन नौदलातला कमांडो, १९८९ साली पनामात गोळी लागून पाय गेलेला. १९९८ आणि १९९९, दोन्ही वर्षं मोलेडानं बेलीला हरवलं. तिसऱ्या वर्षी बेली जिंकला. मला विचाराल तर बेलीला नवं आयुष्य मिळालं त्यात या मोलेडाचा वाटा मोठा आहे. 'बिचारा' न म्हणता सरळ मागे टाकून जाणारा माणूस!

मोटोक्रॉसमधलाच दुसरा एक माणूस बघा. ऑस्ट्रियाचा हाइन्झ किनिगाडनर. १९८४ आणि १९८५, असा दोनदा २५० सीसीचा विश्वविजेता. २००३ साली त्याचा तरुण मुलगा मोटोक्रॉसच्या शर्यतीत पडला आणि मानेखाली लुळा झाला. बापानं मुलाला जिद्दीवर व्याख्यान दिलं असेल-नसेल, माहीत नाही. त्यानं केलं ते असं: जगभरच्या डॉक्टरांना विचारत सुटला की मज्जारज्जू दुरुस्त का होत नाही. उत्तर आलं की संशोधनात फारसा पैसाच नाही, कारण औषध कंपन्यांच्या दृष्टीनं पेशंट थोडे. मग रेड बुलच्या मालकाला गाठून २००४ साली त्यानं 'विंग्ज फॉर लाइफ' नावाची संस्था काढली. २०१४ पासून त्यांची मे महिन्यात एक जागतिक दौड होते, एकाच क्षणी सगळ्या देशांत. तिची एंट्री फी सगळीच्या सगळी मज्जारज्जूच्या संशोधनाला जाते. आपल्याकडेही लोक ॲप लावून ती पळतात. रेसरनं समस्येकडे इंजिनिअरसारखं बघितलं, हे मला फार आवडलं.

आता म्हणाल, हे सगळं परदेशात. तर आपल्याकडच्या माणसाकडे येतो. तो मोटोक्रॉसवाला नाही, पण खेळाडू होता, खेळ एका दिवसात संपला आणि दुसरा सुरू झाला, म्हणून गोष्ट तीच. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या पेठचे. २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' आला तोवर आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलं होतं, खरं सांगा. मी तरी शाळेत एकदाही ऐकलं नव्हतं. आम्हाला १९५२ चे खाशाबा जाधव होते, आणि मग एकदम २००८ चा अभिनव बिंद्रा.

पेटकर सैन्यात ईएमईमध्ये जवान, आणि बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकून राहिली. कमरेखालचं अंग गेलं. बॉक्सिंग संपलं. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकला भारत पहिल्यांदाच गेला, त्यात पेटकर टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे ४६ वर्षांनी. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. आपलं प्रोसेसिंग जरा स्लो आहे...

पिक्चर मलाही आवडला, दोनदा डोळे पुसले. पण पिक्चर बघून बाहेर आलेला प्रत्येक जण जिद्दीवरच बोलत होता. मला मात्र पडद्यामागची यादी दिसत होती. लष्कराचं रुग्णालय, जिथून महिन्याभरात 'घरी घेऊन जा' म्हणत नाहीत. उपचार म्हणून पाण्यात उतरवणारी माणसं, म्हणजे पोहायचा हौद होता! परदेशी जायच्या तिकिटांचं काम विजय मर्चंटनी केलं, तेच, क्रिकेटवाले. त्यांची संस्था अपंगांसाठी काम करायची. आणि पुण्यात टेल्कोत नोकरी. रुग्णालय, हौद, तिकीट, पगार. यातलं एक काढून बघा आणि मग सांगा, त्याच पेटकरांच्या त्याच जिद्दीचं काय झालं असतं.

हे मी मनानं सांगत नाहीये. पॅरालिंपिकचा जन्मच असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणका मोडलेला माणूस बहुतेक वेळा काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत जायचा. मणक्यामुळे नाही. पाठीला पडलेल्या जखमांमुळे आणि लघवीच्या इन्फेक्शनमुळे. (वाचायला ऑकवर्ड वाटतंय? वाटू द्या. या विषयातला निम्मा प्रॉब्लेम हा ऑकवर्डपणाच आहे.) शरीराला जाणीव नसते, त्यामुळे एका कुशीवर तासन्‌तास पडून राहिलं तरी कळत नाही, तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते. नाझींच्या तावडीतून १९३९ साली इंग्लंडला आलेला लुडविग गुटमन नावाचा ज्यू डॉक्टर. त्याच्या हाती १९४४ साली स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयातला मणक्याच्या पेशंटांचा वॉर्ड दिला. त्यानं काय शोध लावला? पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. दिवसा आणि रात्रीही. लघवी साचू द्यायची नाही. बस्स. लोक जगायला लागले. आणि जगायला लागल्यावर पुढचा प्रश्न आला, आता यांनी दिवसभर करायचं काय? मग त्यानं त्यांच्या हातात चेंडू दिले, धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्याच दिवशी त्याच्या आवारात १६ पेशंटांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पुढे १९६० ला रोम, १९७२ ला हायडेलबर्ग.

क्रम लक्षात घ्या. आधी कूस, मग लघवी, मग धनुष्यबाण. आपण थेट धनुष्यबाणापासून सुरू करतो आणि त्याला प्रेरणा म्हणतो.

आता आमच्या बुलडाणा जिल्ह्यात या. माझा शाळेतला एक मित्र. नाव-गाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आमच्या भागातला मोटोक्रॉस म्हणजे तोच. उन्हाळ्यात तळं आटलं की तळ्याच्या पोटात याचा ट्रॅक. जुनी स्प्लेंडर, मागचं मडगार्ड काढलेलं, बटन टायर टाकलेले, सायलेन्सरचं जे करायचं ते केलेलं. बांधावरून गाडी उडवायचा आणि आम्ही सगळे तोंडात धूळ घेऊन टाळ्या वाजवायचो. राजूर घाटात आम्ही जिथं ब्रेकवर पाय ठेवून उतरायचो तिथं हा गाणं म्हणत जायचा. नाशिकला एकदा खऱ्या शर्यतीत उतरायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. त्यासाठी कापसाच्या हंगामात पैसेही साठवत होता.

तो उडताना कधीच पडला नाही. २०१८ ची गोष्ट, मी तेव्हा शेगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रात्री साडेआठला सरळ रस्त्यावर, चाळीसच्या स्पीडनं जाताना, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर. लोक धावले, चांगल्या मनानंच धावले. दोघांनी खांद्याला धरलं, दोघांनी पायाला, आणि काळी-पिवळीत मागच्या सीटवर दुमडून टाकलं. १०८ ला फोन लावून, अँब्युलन्स येईपर्यंत त्याला आहे तसा सपाट पडू द्यायचा असतो, मान हलू द्यायची नसते, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालंय, एवढं तरी या पोस्टमधून घेऊन जा.

मग अकोला, मग तिथून संभाजीनगर. ऑपरेशन झालं, मणक्यात रॉड बसले, वडिलांचं दोन एकर गेलं. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. कुठं? कुणाकडे? हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडेही काही वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. ऑपरेशन उत्तमच केलं त्यांनी. फक्त त्यानंतरच्या आयुष्याचं खातं त्यांच्याकडे नव्हतं. दीड महिन्यात याच्या पाठीला मुठीएवढी जखम झाली. मी सुट्टीत भेटायला गेलो तर मला म्हणतो, "अबे, कूस बदलाची असते हे मले कोनी सांगतलंच नाही ना." १९४४ सालचा शोध! आमच्या जिल्ह्यात पोचायला पंच्याहत्तर वर्षं पुरली नाहीत.

लोक भेटायला यायचे. मोबाईलवर खुर्चीवरच्या खेळाडूंचे व्हिडिओ दाखवायचे. 'बघ, हा बघ, काय जिद्द आहे.' तो नुसता बघायचा. एकदा माझ्यापाशी एवढंच म्हणाला, "त्या लोकायले आधी संडासले कोन नेते, ते दाखोत नाही लेका कोनी." मी काय उत्तर देणार? लॅपटॉपची बॅग खांद्यावर अडकवून बस स्टँडकडे गेलो.

तुम्ही आयटीवाले असाल तर एक सांगतो, लगेच पटेल. प्रॉडक्शन सर्व्हर पडला तर आपण सर्व्हरच्या जिद्दीवर सोडतो का? बॅकअप असतो, दुसऱ्या शहरात डेटा सेंटर असतं, रनबुक असतं, रात्री तीनला उठणारा ऑन-कॉल माणूस असतो. डिझास्टर रिकव्हरीचं ड्रिल आपण दरवर्षी करतो आणि त्याचं सर्टिफिकेट क्लायंटला दाखवतो. तोच आपण, माणूस पडला की पोस्टर पाठवतो.

आणि पडणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. हा सरकारी आकडा. जे जगले त्यांच्यासाठी 'गंभीर जखमी' असा एक रकाना आहे. त्यातले किती चार महिन्यांनी चालायला लागले आणि किती कायमचे आडवे झाले, ते तक्त्यात येत नाही. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. १ जुलै २०२३ ला पहाटे सिंदखेड राजाजवळ बस पेटली आणि २५ जण गेले. तेव्हा देशभरच्या चॅनेलवाल्यांना सिंदखेड राजा कुठं आहे ते कळलं. समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे, योग्यच आहे. पण आमची पोरं रोज पडतात ती समृद्धीवर नाही, चिखली-मेहकरच्या साध्या रस्त्यांवर, एकेक करून. एकेकट्याची बातमी होत नाही.

नाही म्हणायला काही गोष्टी आहेत. सैनिकांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, उत्तम आहे, तिथली खुर्चीवरची बास्केटबॉल टीम बघण्यासारखी. सर्वसामान्यांसाठी मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची जुनी संस्था आहे, १९५५ पासूनची. पण बुलडाण्याहून हाजी अली म्हणजे रात्रभराचा प्रवास. ज्याला बसता येत नाही त्यानं तो कसा करायचा? बुलडाण्यात २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. मला त्याचा मनापासून आनंद आहे. तिथं एमआरआय कधी येणार वगैरे चर्चा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरात असते. माझी मागणी अगदी साधी आहे. चार खाटांची एक खोली, एक फिजिओथेरपिस्ट, आणि एक नर्स जी घरच्यांना आठ दिवस कूस बदलायला, जखम ओळखायला आणि स्वच्छ नळी कशी वापरायची ते शिकवेल. रोबोट नको, हौदही नको. हौद पुढच्या बजेटला.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे. सरकारी नोकर नोकरीत असताना अपंग झाला तर त्याला काढता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यायची, जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. वाचून बरं वाटतं. पण ट्रॉलीवर आदळलेला शेतकऱ्याचा पोरगा सरकारी नोकर नसतो. त्याला यूडीआयडी कार्ड मिळतं आणि निराधार योजनेचे महिन्याचे पैसे. आणि आपल्या प्रायव्हेट कंपन्या? २०२० साली एका आठवड्यात सगळी इंडस्ट्री घरून कामाला लागली. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता गावाकडच्या, खुर्चीवरच्या, चार पायऱ्या न चढू शकणाऱ्या पोरांसाठी दार उघडलं. टेल्कोनं पेटकरांना दिली तशी नोकरी आता मेहकरात बसून करता येईल. सध्या मला आठवड्याला जे 'ऑफिसला या' असे मेल येतात, ते वाचून त्या दाराचं काय झालं ते कळतं. आमच्या ऑफिसच्या मेन गेटला पाच पायऱ्या आहेत. रॅम्प मागे आहे, कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूनं. खुर्चीवरच्या वक्त्याचं प्रेरणादायी सेशन ठेवलं होतं तेव्हा त्यांना तिकडूनच आणलं.

एक गोष्ट मात्र पैशानं किंवा कायद्यानं होत नाही, ती म्हणजे आधी त्याच वाटेनं गेलेला माणूस भेटणं. बेलीला मोलेडा मिळाला तसं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं नसेल तर जरूर वाचा. ऐन सोळा-सतराव्या वर्षी पाय गेले, जगायची इच्छा उरली नव्हती. तेव्हा त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, स्वतः पॅराप्लेजिक, तरी व्यवसाय करणारे, बदल करून घेतलेली गाडी स्वतः चालवणारे. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली आणि कितीतरी पोरांना वसतिगृह, शाळा, काम मिळालं. बाबूकाकांनी जे केलं ते सल्ला देऊन होत नसतं. ते गाडीतून उतरले, एवढं पुरलं असणार.

माझ्या मित्राला असा माणूस यूट्यूबवर सापडला. कुणी तरी खुर्चीवरचा हिंदी भाषिक, जो कॅमेऱ्यासमोर बसून काही न लाजता नळीचं, जखमेचं, खुर्चीवरून खाटेवर सरकायचं सगळं शिकवतो. व्ह्यूज फार नाहीत. आमच्या पोरानं तीन वर्षांत जे डॉक्टरांकडून ऐकलं नाही ते पंधरा दिवसांत शिकला. जखम भरली. बसायला लागला.

आणि मग, २०२१ च्या दिवाळीनंतर, गावातला मिस्त्री त्याच्याकडे आला. हा मिस्त्री म्हणजे याच्या स्प्लेंडरचे सगळे उद्योग ज्याच्या गॅरेजात चालायचे तो. भेटायला म्हणून नाही आला. ॲल्युमिनियमच्या परातीत पाच उघडलेले कार्बोरेटर घेऊन आला आणि म्हणाला, "मले टाईम नाही बावा, हे साफ करून ठेव. संध्याकाळी नेतो." प्रेरणा वगैरे काही नाही. त्याला खरोखरच टाईम नव्हता, सोयाबीनचे पैसे आले होते आणि सगळ्या गावाला गाड्या दुरुस्त करायच्या होत्या. मित्रानं मांडीवर लाकडी फळी घेतली आणि बसला. जेट साफ करायचे, फ्लोट बघायचा, सुई बदलायची. एका कार्बोरेटरचे पन्नास रुपये. आता आजूबाजूच्या सात-आठ गावांतून त्याच्याकडे काम येतं. आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगतो. लोक गाडी अंगणात उभी करून रेस करतात आणि हा आतून ओरडतो, "बंद कर, चोक आहे."

ही यशोगाथा आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या आईला अजून रात्री दोनदा उठावं लागतं. नाशिक राहिलंच. आणि पंचाईत अशी की एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-सहा गाड्यांना कार्बोरेटरच नाही, इंजेक्शन आहे. जुन्या गाड्या भंगारात जातायत तसं याचं काम दर वर्षी कमी होतंय. त्याला हे माझ्याआधी कळलं होतं. मागच्या महिन्यात त्यानं पाच हजारांचा एक स्कॅनर मागवला, गाडीला जोडला की एरर कोड दाखवणारा. डबा आला, ॲप चिनी, मॅन्युअल इंग्रजीत, आणि कोड आले की त्यांचा अर्थ कुठं शोधायचा ते त्याला कळेना. मला फोन करून म्हणतो, तू एवढा इंजिनिअर, काही कामाचा हायेस का नाही?

तर सध्या त्या कोडांची मराठीत यादी करायचं काम चालू आहे. कोड, त्याचा अर्थ, आधी काय तपासायचं, पार्टची अंदाजे किंमत. साधीच शीट आहे, दोनशेच्या वर ओळी झाल्यात. 'मराठीत' म्हणालो खरं, पण तो त्यात परस्पर वऱ्हाडी घुसवतो आणि मी काढली की पुन्हा घालतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सरपुढे त्यानं जे लिहिलंय ते इथं छापता येणार नाही. उद्या रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर पहिली गाडी जोडून बघायची आहे, शेजारच्या गावातल्या गुरुजींची. तिकडे लाईट असली तर.